‘स्थानिक लोक वापरतात’ म्हणजे नेमकं कोण?

रानभाज्या आणि औषधी झाडांच्या याद्यांत ‘स्थानिक लोक ही वनस्पती वापरतात’ हे वाक्य हमखास असतं. मला ते खटकतं. एकाच गावातल्या गुराख्याला, सुईणीला, वैदूला आणि शाळकरी पोराला रान सारखं दिसत नाही.

शेवळं या पावसाळी रानभाजीचं घ्या. पावसाच्या तोंडाशी कोंब कुठे वर येतो, हे गुरं राखणाऱ्याला पाठ असतं. कोंब घरी आला की पुढचं रांधणारीकडे. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग टाकायचा, बारीक चिरून काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालून पुरतं शिजवायचं. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट कमी पडलं किंवा भाजी कच्ची राहिली की घसा खाजलाच. फक्त गुराख्याला विचारून ‘खातात’ एवढंच लिहिणं धोक्याचं आहे.

करटुल्याचे नर आणि मादी वेल वेगळे. तोडणीला जाणाऱ्या बायका फुलाखालचा इवलासा फुगवटा बघून मादी वेल ओळखतात. ज्याला हे ठाऊक नाही तो नर वेल ‘वांझ’ म्हणून उपटतो, आणि पराग न मिळाल्याने शेजारचे मादी वेलही फळ धरत नाहीत.

2002 च्या जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांबद्दल लोकांना असलेल्या माहितीची नोंद, करताना चावडीवर सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका. तिथे दोन-तीन म्हातारे पुरुष बोलतात, बाकीचे माना डोलावतात. एकेकाला वेगळं गाठा. वय, काम, माहेर कुठलं तेही लिहा. सून झाडाचं माहेरचं नाव घेऊन येते, म्हणून एका झाडाला दोन नावं आणि एका नावाची दोन झाडं निघतात. घरी बसून जे आठवत नाही ते झाड समोर दिसलं की आठवतं, तेव्हा रानातही चला. नाव माहीत आहे, झाड ओळखता येतं, उपयोग ऐकलाय, स्वतः करून पाहिलंय: चारही वेगळं विचारा. सगळ्यात जास्त गळती चौथ्यात होते.

फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबा, सुरुवातीला रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. नमुन्यावरचा क्रमांकच सांगणाऱ्याच्या नोंदीवर घाला.

एकट्यानेच सांगितलेलं चूक समजून खोडू नका. ते वैदूचं खास ज्ञान असू शकतं. त्यावर त्याचं पोट असेल, तर त्याला विचारल्याशिवाय छापूही नका.