पाऊण डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’: तुमच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला होस्टिंग कंपनीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत, ‘१०० जीबीचा सर्व्हर घेतला, जेमतेम पाव डिस्क भरली आणि "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" यायला लागलं. सपोर्ट म्हणे मोठा प्लॅन घ्या. सरळसरळ फसवणूक.’ तुमचं तिकीट मी स्वतः उघडून वाचलं. फसवायचा हेतू नव्हता, पण तुमच्या जागी मी असतो तर हाच शब्द वापरला असता.

तुमच्या डिस्कवर आम्ही सवयीने ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत) टाकली, एकही पर्याय न बदलता. ती फॉरमॅट होतानाच आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीचे रकाने, मोजून ठेवते, दर १६,३८४ बाइटमागे एक. १०० जीबीला होतात ६५,५३,६००. फाइल ७०० बाइटची असो की ७ जीबीची, आयनोड एक जातोच. तुमच्या सेन्सरच्या नोंदी ७०० बाइटच्या आसपास, पण जागा ब्लॉकच्या तुकड्यांतच मिळते, म्हणजे प्रत्येकीला ४ केबीचा एक ब्लॉक. त्यामुळे आयनोड संपले तेव्हा डिस्क पावच भरली होती. (तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये २७ टक्के दिसतात, कारण पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असते.) ‘डीएफ -आय’ ही आयनोड किती उरले ते दाखवणारी कमांड चालवून बघा, एवढंही आमच्याकडून कुणी सांगितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

मोठ्या प्लॅनचा सल्ला तसा खोटा नव्हता. डिस्क वाढवली की आयनोडही त्या प्रमाणात वाढतात. पण पाऊण डिस्क रिकामी असलेल्या माणसाला आणखी डिस्क विकायची? दोन प्लॅनमधल्या फरकाचे पैसे परत केले आहेत.

‘रायझरएफएस (दुसरी एक जुनी फाइल सिस्टिम) द्यायला हवी होती’ हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. छोट्या फायली आणि मोठ्या फायलींच्या उरलेल्या शेपट्या ती एका ब्लॉकमध्ये कोंबायची हे खरं, पण लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नल ६.१३ मधून, ती काढूनच टाकली आहे. आज ते काम बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम करते. २ केबीपर्यंतची फाइल ती मेटाडेटातच, म्हणजे फायलींच्या माहितीच्या नोंदींतच, ठेवते. एका डिस्कवर मेटाडेटाच्या दोन प्रती असतात, तरी ४ केबीपेक्षा ते स्वस्तच.

तरीही तुमच्यासाठी मी एक्सएफएस ही तिसरी फाइल सिस्टिम निवडली. टंचाई आयनोडची होती, जागेची नव्हती, आणि एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवत जाते. त्याच १०० जीबीत दोन कोटींच्या वर फायली बसतील.

तुमच्या रात्रभर चालणाऱ्या बॅकअपचा प्रश्न मात्र नुसती फाइल सिस्टिम बदलून सुटणार नाही. बॅकअपची कॉपी करणाऱ्या आरसिंकला प्रत्येक फाइलपाशी थांबून चौकशी करावीच लागते. दिवसभराच्या नोंदी एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) टाकता आल्या तर बघा. तुमचा प्रोग्राम थोडा बदलावा लागेल, पण माझ्या मते खरा इलाज तोच.

नवी डिस्क खात्याला जोडून ठेवली आहे, जुनी महिनाभर हलवणार नाही. कॉपी सुरू करण्याआधी त्याच तिकिटावर दोन ओळी टाका, या वेळी उत्तर मी देईन.