ट्रस्ट केला की जमीन 'कुणाचीच' राहत नाही?

"जमीन, फ्लॅट सगळं ट्रस्टच्या नावावर करा. मग ते कुणाचंच राहत नाही. ना सावकार हात लावेल, ना भाऊबंद, ना कोर्ट. परदेशातले श्रीमंत हेच करतात." हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

'कुणाचंच नाही' इथेच गाडी घसरते. खासगी ट्रस्ट कंपनीसारखी कायदेशीर व्यक्ती नसतो. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार मालकी विश्वस्ताची, पण तिच्या मानेवर लाभार्थ्यासाठी ती सांभाळायची जबाबदारी. इंग्लंडात एकाच शेताला दोन धनी: कायद्याच्या नजरेत विश्वस्त, इक्विटीच्या, म्हणजे तिथल्या न्यायबुद्धीवर उभ्या वेगळ्या नियमांच्या, नजरेत लाभार्थी. आपला कायदा इंग्रजांच्याच राजवटीत झाला, तरी ही दुहेरी मालकी त्यात आली नाही. दोन्हीकडे मालक आहेच!

सावकाराचं म्हणाल तर, देणी बुडवायला केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली धनको रद्द करून घेऊ शकतो. कर्ज थकल्यावर घाईघाईने केलेला ट्रस्ट तर संशयाला आमंत्रणच.

भाऊबंदांचं आणखी अवघड. मिताक्षरा या हिंदू वारसा परंपरेतल्या एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीतला न वाटलेला हिस्सा इतर सहदायादांच्या (जन्मानेच हक्क मिळालेल्या वाटेकऱ्यांच्या) संमतीशिवाय दान करता येत नाही, मग तो ट्रस्टमध्ये कसा टाकणार? २००५ पासून मुलीही सहदायाद आहेत, हे मजकूर लिहिणारा सोयीस्कर विसरला. स्वकष्टार्जित मालमत्तेची गोष्ट निराळी. गतिमंद मुलाची पुढची सोय करायला त्यातून केलेला ट्रस्ट खरंच उपयोगी पडतो.

आणि 'परदेश' म्हणजे कुठला? फ्रान्सने २००७ मध्ये 'फिड्युसी' ही ट्रस्टसारखी व्यवस्था आणली, पण लाभार्थ्याला फुकट देणगी द्यायच्या हेतूने केली तर ती रद्दबातल. म्हणजे नातवंडांसाठी ट्रस्ट हा आपला नेहमीचा प्रकार तिथे त्या वाटेने जमत नाही.

इतक्या लांब कशाला, गोव्यात पाहा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा तिथल्या २०१२ च्या वारसा कायद्यात चालू आहे. मुलं असली की निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव; हयातीत दिलेली देणगी राखीव हिश्श्यावर आली तर तीही कापली जाते. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर सहसा नवराबायकोची मिळकत सामाईक, आणि स्थावर विकायचं तर जोडीदाराची सही लागते. म्हापशातल्या माणसाने पुण्याच्या मित्राचा ट्रस्टचा मसुदा जसाच्या तसा उतरवला, तर पहिला प्रश्न बायकोच विचारेल.