‘सीएनएन बघून लिहिलेला लेख’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. ‘सडेतोड’,

आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा तिसऱ्या ओळीपुढे जाववेना. २०२० मध्ये करोनाने ट्रम्प यांची लागोपाठची दुसरी टर्म कशी हुकवली, या माझ्या लेखावर आपले आक्षेप असे: लेख एकांगी आहे, साथ असूनही ट्रम्प यांना ७ कोटी ४२ लाख मतं पडली, हे मी सोयीस्करपणे गाळलं, पोलंडची तारीख चुकली, आणि ‘हा लेख सोफ्यावर बसून, सीएनएन बघून लिहिलेला आहे’.

तारखेचं आधी. पोलंडचे तेव्हाचे अध्यक्ष दुदा यांच्या फेरनिवडणुकीची निर्णायक फेरी १२ जुलै २०२० ला झाली. मी दिलेली २८ जून ही पहिल्या फेरीची तारीख. चूक माझी, दुरुस्त केली आहे. आभार.

आता सोफा. मतभेद असू द्यात हो, पण माणूस कुठे बसून लिहितो हे आपल्याला कुणी सांगितलं? १९९९ पासून मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या बाहेर राहतो. ज्या राज्यात ही निवडणूक ८०,५५५ मतांनी फिरली, तिथला मी मतदार आहे. त्या वर्षी पहिल्यांदा टपालानं मत दिलं. मतपत्रिका आधी आतल्या पाकिटात, मग बाहेरच्या. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात दिला होता. बायकोनं आणि मी एकमेकांची पाकिटं तपासली, परीक्षेला निघताना हॉल तिकीट तपासतात तशी. राज्यात सुमारे २६ लाख लोकांनी असंच मत दिलं. तिकडे ट्रम्प स्वतः महिनोन्महिने सांगत होते की टपाली मतदान म्हणजे घोटाळा. ऐकणारे अर्थातच त्यांचेच लोक होते, म्हणजे टपालाची सोय सोडणारेही तेच. लेखातला हा मुद्दा आपल्या नजरेत भरलेला दिसत नाही.

आणखी एक सांगतो, लेखात नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात २०१६ साली ट्रम्प यांचा फलक होता. सज्जन माणूस, बर्फ पडला की माझ्याही दारातला उपसून टाकतो. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची आई वृद्धाश्रमात वारली. निरोप खिडकीच्या काचेतून. ऑक्टोबरमध्ये अंगणात फलक नव्हता. त्यांनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, पण असल्या गोष्टी कुठल्या वाहिनीवर दिसतात ते आपणच सांगा.

मतांच्या आकड्याबद्दल फार लिहीत नाही. मतदानच विक्रमी झालं, बायडेन यांना ८ कोटी १२ लाख पडली, विषय संपला. खरं तर तुमचा आकडा माझ्याच बाजूचा आहे. ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली आघाडी मिळून जेमतेम ४३ हजार. ती उलटली असती तर अध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचक मंडळाच्या मतांत २६९-२६९ अशी बरोबरी. इतक्या अटीतटीच्या लढतीत साथीनं काही फरक पडला नाही म्हणता?

आणि ‘साथ आली की सत्ताधारी पडतो’ असं मी लिहिलेलंच नाही. नीट वाचलं असतं तर दिसलं असतं. दुदा निवडून आले. दक्षिण कोरियात साथ चालू असताना तेव्हाचे अध्यक्ष मून यांच्या पक्षानं जोडपक्षासह संसदेच्या ३०० पैकी १८० जागा घेतल्या. खुद्द ट्रम्प यांनाही मार्च २०२० मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ४९ टक्के पसंती होती, तोवरच्या त्यांच्या सर्वोच्च आकड्याइतकी. संकटात लोक आधी राजाकडेच बघतात. मदतीच्या १२०० डॉलरच्या धनादेशावर त्यांनी आपलं नावही छापून घेतलं. असा माणूस पुढे २३ एप्रिलला भर पत्रकार परिषदेत जंतुनाशक शरीरात टोचता येईल का असं विचारतो, तेव्हा दोष विषाणूचा की तोंडाचा?

 

लेख एकांगी वाटला असेल तर वाटो. पुढच्या वेळी टोपणनाव बाजूला ठेवून लिहिलंत तर बोलायला बरं पडेल. आणि हो, आमच्या घरी सीएनएन येत नाही. २०१७ मध्येच केबल काढून टाकली. सोफा आहे.