पुराने खुर्ची वाहून जात नाही

वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबलं की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'निसर्ग कोपला की खुर्ची जाते. ओडिशा १९९९, गुजरात २००१, मुंबई-ठाणे २००५. आता यांचा नंबर!' मला त्याचा राग येतो. सत्तेवरचे आपोआप जाणारच असतील तर आपण कशाला विचारायचं, असं होऊन बसतं.

ओडिशाचं अर्धंच सांगितलंय. महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना पद सोडावं लागलं, २००० साली काँग्रेसही हरली. खरंय. पण २०१३ला फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा नवीन पटनायक सरकारने वादळाआधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले, आणि २०१४ला तेच पुन्हा निवडून आले.

गुजरातमध्ये भूकंपाच्या वर्षी केशुभाई पटेलांचं मुख्यमंत्रिपद गेलं; पक्ष सत्तेत राहिला. २००२ला भाजपला १२७ जागा मिळाल्या. अर्थात मधे दंगली झाल्या होत्या, तो निकाल भूकंपाच्या खात्यात टाकताच येत नाही.

आणि २६ जुलै २००५? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. तरी २००७ला मुंबई महापालिका शिवसेना-भाजपकडेच राहिली, २००९ला राज्य काँग्रेस-राष्ट्रवादीकडेच. विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला तो २००८च्या दहशतवादी हल्ल्यानंतर.

आम्ही तेव्हा कळव्यात चाळीत राहायचो. लाइट नव्हती. आई स्टोव्हवर तवा ठेवून भिजलेलं रेशनकार्ड शेकत होती, अक्षरं पुसू नयेत म्हणून फुंकर घालत. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा जो तो भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवत होता. शेजारच्या काकूंचं नाव यादीत राहिलं, त्या कितीतरी दिवस हेलपाटे घालत होत्या. पुढे निवडणूक आली तेव्हा चाळीत बोलणं एवढंच: तांदूळ कोणी आणले, यादीत नाव कोणी घातलं. नाला कोणी बुजवला, हे कुणीच विचारलं नाही. आम्हीही नाही. अमेरिकी मतदारांच्या अभ्यासातही हेच दिसलंय: आपत्तीनंतरच्या मदतीला मतं मिळतात, आधीच्या तयारीवरच्या खर्चाला नाही.

म्हणून तो मेसेज आला की मी खाली एवढंच लिहिते: आपल्या प्रभागातल्या नाल्याचा गाळ मे महिन्यात उचलून नेला, की काठावरच टाकला?