मेणबत्ती, कप आणि त्रेपन्न नमो मरिया

ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. वसईच्या गल्लीतून मारियामातेची मूर्ती आणि मागे मेणबत्त्या घेतलेले आम्ही भाविक निघालो, की लांबून फार शांत, पवित्र दिसतो. जवळून बघू नये.

सगळं मुळात मेणबत्ती खोचायच्या कपावर आहे. कागदी कपाच्या बुडाला ब्लेडने अधिकचं चिन्ह कापायचं, गोल भोक पाडायचं नाही. गोल भोक सैल झालं की मेणबत्ती सटकते. अधिकच्या चार पात्या मात्र तिला धरून ठेवतात. प्लॅस्टिकचा कप तर आणूच नये, तो वितळून थेट अंगठ्यावर येतो. पुढचा पेच सुटत नाही: ज्योत कपात ठेवली तर वारा लागत नाही, पण कप पेटतो, बाहेर काढली तर कप वाचतो आणि ज्योत जाते. म्हणून मेणबत्ती जळेल तशी खालून वर सरकवत राहायची. एका हातात ती, दुसऱ्यात जपमाळ. सरकवायला तिसरा हात कुठून आणणार? तो शेजारच्या मावशींचा.

मग आवाज. स्पीकरची हातगाडी हौसेने सगळ्यांत पुढे ठेवतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांग १७० मीटर लांब असली तर शेपटीला प्रार्थना अर्धा सेकंद उशिरा पोचते आणि शेपटीचं उत्तर पुढे यायला आणखी अर्धा. पुढच्यांचं ‘आमेन’ झालेलं असतं, मागचे अजून पापी लोकांसाठी विनंती करत असतात. गाडी रांगेच्या मध्यावर घ्या, निम्मं भांडण मिटतं. पण मध्यावर मूर्ती असते आणि मूर्तीशेजारी कर्णा शोभत नाही, असं समितीचं म्हणणं.

जपमाळेत ‘नमो मरिया’ ही मारियामातेची प्रार्थना ५३ वेळा. वीसेक मिनिटं लागतात. मूर्तीच्या चालीने तेवढ्यात सहा-सातशे मीटर होतात. रस्ता त्याहून लांब आखला, की एकाच गीताचं पहिलं कडवं आठ वेळा म्हणावं लागतं, कारण दुसरं कुणालाच पाठ नसतं. मूर्ती उचलणारे चौघे एका उंचीचे निवडा. नाहीतर माता सगळ्या गल्लीला कान देऊन ऐकतेय असं वाटतं. लोंबत्या केबलसाठी एकाला कोरडा बांबू देऊन पुढे पाठवा.

साडीवर मेण सांडलंच तर ओलं असताना चोळू नका. गार होऊ द्या, नखाने खरवडा, वर-खाली कोरा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा. वर्तमानपत्र नको, मेण निघतं आणि शाई साडीवर उठते.