पाखऱ्यानं माझ्यावरचं घेतलं म्हणे

आमच्या घरात एक बैल माझ्या बदली मेलाय. म्हणजे आज्जी तसं सांगायची, आणि ती जाईपर्यंत तिच्या सांगण्यात काडीचाही फरक पडला नाही.

1991 चा भादवा. मी 11 वर्षांचा. मंगळवेढ्याचं काळं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, सर पडून गेली की एकेक चप्पल दोन किलोची होते. ज्वारीच्या पेरणीआधीच्या कुळवाच्या पाळ्या चालल्या होत्या. दुपारी पाऊस आला तसा आबांनी कुळव सोडला आणि मला म्हणाले, "बैलं घेऊन हो म्होरं." पाखऱ्या आणि मण्या, दोन्ही खिलार. मी बांधापर्यंत गेलो आणि आठवलं, भाकरीचं फडकं बाभळीखालीच राहिलं. मागं वळलो. बैलांना घरची वाट पाठ, ते आपले चालत राहिले.

बांधाच्या टोकाला विजेचा खांब होता, खांबाला ताण, म्हणजे खांब ओढून धरणारी तिरकी तार. पाखऱ्या त्या तारेला शिवलासुद्धा नाही, दोनेक हात लांब होता. पाणी प्यायला वाकावं तसे त्याचे पुढचे पाय मुडपले आणि तो बसला. हंबरला नाही. मण्या बुजून मागं सरला, म्हणून वाचला. आबा लांबून ओरडले, "हितंच थांब! फुडं जाऊ नको!" मी फडकं छातीशी धरून उभा. बेंदराला लावलेला हिंगूळ पाखऱ्याच्या शिंगांच्या बुडाशी अजून होता. तेवढाच रंग त्या चिखलात दिसत होता.

रात्री आज्जीनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या, चुलीत टाकल्या आणि म्हणाली, "लेकराच्या जिवावरचं पाखऱ्यावर निभावलं."

ही गोष्ट आज का लिहितोय, तर गेल्या महिन्यात गावात डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एक वानर मेलं. तेव्हापासून गावच्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचून डोकं भणभणलंय. पण आधी पाखऱ्याचं पुरं करतो.

आज्जीचं म्हणणं घरातलं. गावाचं म्हणणं वेगळं. खांब रोवताना तिथला म्हसोबाचा धोंडा हलवला होता, त्याचा हा कोप. एकदोघांनी भावकीतल्या करणीवर बोट ठेवलं. आमच्या आत्याच्या सासऱ्यांनी बैलाच्या अंगावरचा भोवराच वाईट होता असं निदान केलं, बैल मेल्यावर. शेवटी म्हसोबा जिंकला. पुढच्या अमावास्येला शेंदूर फासलेला धोंडा परत मांडला गेला, आणि कुठं? त्याच खांबाच्या बुडाशी. बायका अनवाणी, ओल्या पायांनी निवद घेऊन यायच्या, नारळाचं पाणी खांबावर शिंपडायच्या. ज्या जागेनं बैल घेतला त्या जागेला आम्ही पाणी घालत होतो!

कुणी मेलं नाही, कारण त्याआधीच वायरमननं येऊन फेज तोडला होता. सैल झालेली तार वाऱ्यानं हलून ताणाला लागत होती. ताणाच्या तारेत मध्ये चिनी मातीचा एक अंड्यासारखा इन्सुलेटर असतो, वरचा करंट चुकून ताणात आला तरी तो खाली उतरू नये म्हणून. आमच्या ताणात तो नव्हताच. फुटला की बसवलाच नव्हता, देव जाणे. वायरमननं आबांना रिकामी जागा दाखवली आणि म्हणाला, "एवढंच झालं, मालक." आबांनी हे घरी येऊन सांगितलं. आज्जी म्हणाली, "मंग त्यो अंडा न्हवता म्हणून पोरावर येणार हुतं, ते बैलानं घेतलं." तिच्या हिशोबात इन्सुलेटरसुद्धा बसला. तिला हरवणं अवघडच होतं.

बैल न शिवता कसा मेला, हे मला पुढं कॉलेजात कळलं. जमिनीत उतरलेला करंट चुलीच्या धगीसारखा असतो, बुडाशी जोरात आणि लांब जाल तसा मंद. जमिनीवरच्या दोन जागांमधला हा जो फरक असतो, तो दोन पायांमधून अंगात शिरतो. माणसाच्या दोन पावलांत फूट-दीड फूट अंतर. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फूट. म्हणजे त्याच्या वाट्याला फरक मोठा. वर माणसाचा करंट या पायातून त्या पायात जातो, काळीज वर राहतं. बैलाचा पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाताना थेट छातीतून जातो. आणि कामाच्या बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारलेल्या. माझ्या पायात प्लास्टिकची चप्पल होती. मी पुढं गेलो असतो तर कदाचित झिणझिण्यांवर भागलं असतं, कदाचित नसतंही. पण पाखऱ्या माझ्या जागी मेला नाही, तो त्याच्या चार पायांमुळे मेला.

2016 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत हार्डांगरविद्दा नावाच्या पठारावर वीज पडून एका दमात 323 रेनडिअर मेले. फोटो बघितला असेल तुम्ही, एकाला एक लागून पडलेली जनावरं. तो आपल्याकडंही "निसर्गाचा इशारा" म्हणून फिरला. इशारा कसला, वादळात कळप गोळा झाला होता आणि जमीन ओली. एवढ्या सगळ्यांवर वेगवेगळी वीज पडली नाही, जमिनीतून पसरलेल्या करंटनं मारलं. पाखऱ्याचंच गणित, फक्त मोठं.

आता आपल्या भाषेची एक गंमत. आभाळातली ती वीज आणि तारेतली तीही वीज. वडील नुकसानभरपाईसाठी तालुक्याला खेटे घालत होते तेव्हा एका भल्या माणसानं सल्ला दिला, "वीज पडून मेला असं लिहा, लवकर मिटेल." वीज पडली की जबाबदार आभाळ. तारेचा शॉक म्हटलं की कुणाचा तरी खांब, कुणाची तरी सही, कुणाचा तरी न बसवलेला इन्सुलेटर. वडिलांनी ऐकलं नाही. पंचनामा, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, तलाठ्याचा कागद, सगळं गोळा करून अर्ज दिला. मिळालं काही नाही. पण त्या सल्ल्यानं मला कायमची एक शंका लावून ठेवली: आज्जी म्हणते दैव, गाव म्हणतं म्हसोबा, ऑफिस म्हणतं आभाळ. शिकलेला काय नि अडाणी काय, सगळ्यांनाच खांबापासून नजर वर न्यायची घाई.

आज कायदा तरी स्पष्ट आहे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या 161 व्या कलमात अपघाताची खबर देण्याबद्दल लिहिलंय, त्यात माणसाबरोबर जनावराचा जीवही धरलाय. विद्युत निरीक्षक नावाचा माणूस असतो, त्याच्याकडून चौकशी होऊ शकते. जनावर मेलं तर पुरायची घाई करू नका. फोटो काढा, पंचनामा करून घ्या, पोस्टमॉर्टेम करून घ्या. आणि कृपा करून ताणाला म्हैस बांधू नका. सोलापुरात जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत कुठंही बघा, ताणाला एक दावं आणि एक ओलं टॉवेल असतंच.

आता वानर. डीपीवर चढलं, एका हातानं तार धरली आणि पाय टाकीला टेकला. एकाच तारेवर बसलं असतं तर काही झालं नसतं, कावळे-चिमण्या दिवसभर बसतातच की. दोन ठिकाणी अंग लागलं की संपलं. भाजून खाली पडलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण आपल्या गावोगावी हेच होतं. मारुतीरायाचा अवतार म्हणून तिरडी बांधली, हलगी लावली, भजनी मंडळ पुढं, गुलाल. सात-आठ पोरांनी डोकी भादरून घेतली. तेराव्याला भंडारा. वर्गणी 40 हजारांच्या वर गेली. माझेही 500 आहेत त्यात, खोटं कशाला बोलू. आता चबुतरा बांधायचं चाललंय आणि टाइल्स कुठल्या रंगाच्या यावर ग्रुपवर भांडणं.

भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच डीपीवर दुसरं वानर चिकटलं. पिल्लू होतं. त्याला कुणी तिरडी बांधली नाही. पहिल्यावरच एवढा खर्च झाला होता.

मी ग्रुपवर लिहिलं, चबुतऱ्याच्या पैशातून आधी डीपीच्या उघड्या जोडांवर रबरी आवरण बसवून घेऊ, वीज कंपनीला पत्र देऊ, मी ड्राफ्ट करतो. उत्तरं आली. एकानं हात जोडल्याची चित्रं टाकली. एक चुलतभाऊ म्हणाला, "तू सोलापुरात राहतोस, तुला भावना कळायच्या नाहीत." आणि एका शहाण्यानं दुसरं वानर म्हणजे पहिल्याचे विधी नीट झाले नाहीत याची खूण आहे, असं सुनावलं. म्हणजे आणखी एक भंडारा!

मी श्रद्धेची टिंगल करायला बसलेलो नाही, त्यासाठी फेसबुकवर पुरेशी माणसं आहेत. उलट ज्या गावात माणसाच्या मयताला चार माणसं जमवताना फोन करावे लागतात, तिथं एका वानरासाठी अख्खी आळी अनवाणी चालली, हे मला मनापासून आवडलं. मला खटकतं ते एवढंच की रडून झाल्यावर डीपीकडं कुणी बघत नाही.

बरं, हे फक्त खेडवळांचं दुखणं समजू नका. माझ्या इंजिनिअर भाच्यानं मला एक व्हिडिओ पाठवला, टॉप्सी नावाच्या हत्तिणीचा. 4 जानेवारी 1903, न्यूयॉर्कचं कोनी आयलंड, 6,600 व्होल्ट. खाली मजकूर, "टेस्लाची वीज धोकादायक आहे हे दाखवायला एडिसननं हत्ती मारला." वाचायला झकास. पण एडिसनची डीसी आणि टेस्लाची एसी, या दोन विजांमधली ती लढाई तोवर दहा वर्षांमागं संपली होती आणि एडिसनची वीज कंपनी 1892 सालीच जनरल इलेक्ट्रिकमध्ये मिसळून गेली होती. हत्तिणीनं माणूस मारला होता आणि तिथल्या करमणुकीच्या बागेच्या मालकांना ती नकोशी झाली होती, म्हणून मारलं. गाजर खायला घातलं ते सायनाइडचं. एडिसनच्या नावाच्या कंपनीनं त्याचं चित्रीकरण केलं, तेवढाच धागा. कुत्री मारून दाखवायचे प्रयोग खरे आहेत, पण ते 1888 चे. भाच्याला हे सगळं लिहिलं तर म्हणाला, "मामा, पण स्टोरी भारी आहे ना." आज्जीची पण भारीच होती की रे.

वटवाघळांचं तर विचारूच नका. मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की चार फुटांवर जातात, दोन तारांना एकदम लागतात. रस्त्याकडेच्या जुन्या चिंचांपाशी तारेवर उलटी वाळून लटकलेली असतात. लोक अपशकुन म्हणून मान फिरवतात. कावळा चिकटला आणि बाकीचे कावळे जमून कालवा करायला लागले, तर पितृपंधरवड्यात त्याचा अर्थ लावायला तज्ज्ञ शोधावे लागत नाहीत. पक्ष्यांचा अभ्यास करणारे म्हणतात, इथं धोका काय आहे हे ते शिकत असतात. म्हणजे मेलेल्याकडं बघून खांबाचा विचार करणारं जनावर आहे तर.

आणि ज्याच्यातून काहीतरी वाचायला हवं होतं त्याच्यातून आपण काहीच वाचलं नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी. 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, जिल्ह्याची ओळख म्हणून भिंतीभिंतींवर रंगवला. आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी होते. शिकार झाली, माळ गेले, हे सगळं आहेच. पण देशभर त्याचा एक मोठा काळ म्हणजे विजेच्या तारा. 15 किलोपर्यंतचा पक्षी, डोळे बाजूला, उडताना समोरचं धड दिसत नाही आणि दिसलं तरी एवढं अंग ऐनवेळी वळत नाही. शॉकपेक्षा धडकेनंच जास्त जातो. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, त्या राजस्थान-गुजरातमधल्या, आणि 2024 मध्ये तो आदेशही बदलला. आपल्या माळढोकाला तेराव्याचा भंडारा नाही, चबुतरा नाही, तो कुणाचा अवतार नाही. कुणावरचंही त्यानं अंगावर घेतलं नाही.

आज्जीकडं परत येतो. तिचं म्हणणं खोटं होतं हे मला पटलंय. पण दर बेंदराला ती एक पुरणपोळी बाजूला काढायची, "पाखऱ्याची", आणि मण्याच्या तोंडात घालायची. जनावराचं आपण काही लागतो, हे तिला आतून माहीत होतं. त्या ऑफिसातल्या फायलीत पाखऱ्या हा "नर, अंदाजे 7 वर्षे" एवढाच होता. तिच्या गोष्टीतलं हे पोळीचं मला ठेवायचंय. फक्त तिची गोष्ट ऐकून मी इतकी वर्षं स्वतःला त्या बैलाचा देणेकरी समजत राहिलो, आणि ज्याचं देणं होतं त्याला कुणी विचारलंच नाही, हा राग काही जात नाही.

परवाच्या रविवारी रानात गेलो होतो. खांब आता सिमेंटचा आहे, ताणात इन्सुलेटर दिसला, मी खाली उभा राहून बघितला. म्हसोबा तिथंच, वर पत्र्याचं छप्पर आलंय. आत्या बरोबर होती. म्हणाली, "चप्पल काढ की रं."

नाही काढली. नारळ फोडला, जरा लांबून.