फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून फिक्सी होत नाही

गेले काही महिने एक मेसेज कोल्हापुरातल्या सायकलवाल्या पोरांच्या मोबाइलवर सारखा फिरतोय. ‘घरात पडलेल्या जुन्या काळ्या सायकलची पाचशे रुपयांत फिक्सी करा’ असं त्याचं शीर्षक, आणि खाली सहा ओळी. फ्रीव्हीलला वेल्डिंग मारा. लॉकरिंग (गिअर सुटू न देणारी रिंग) लागत नाही, आटे तेच असतात. पुढे 48 आणि मागे 16 दाते लावा, बरोब्बर तिप्पट. चेन कुठलीही चालते. 28 च्या सायकलला 28 चं कुठलंही टायर बसतं. आणि शेवटची ओळ : ब्रेक काढून टाका, फिक्सी पायानं थांबते.

फिक्सी म्हणजे मागचा दातेरी गिअर चाकाला पक्का बसवलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, मध्ये पाय थांबवून आराम नाही. मीही तीच चालवतो. दिवस उद्यमनगरात लेथवर जातो आणि संध्याकाळी पोरं सायकली घेऊन येतात, त्यातून हे लिहितोय. या सहा ओळींतल्या पाच चुकीच्या आहेत, आणि त्यातल्या तीन हाडं मोडणाऱ्या आहेत.

सुरुवात वेल्डिंगपासून. फ्रीव्हील म्हणजे साध्या सायकलीचा मागचा दातेरी गिअर. त्याच्या आत दोन खटके आणि छर्रे असतात. पुढे रेटलं की खटके अडकतात, पाय थांबवला की सुटतात. मेसेज सांगतो की आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांना जोडून टाका, झालं काम. पण फ्रीव्हीलचं पोलाद कडक केलेलं असतं. त्यावर वेल्डिंगची उष्णता गेली की टाक्याच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि झटक्याला तिथंच तडकतो. वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

तरीही मला तडकलेल्या वेल्डिंगची भीती कमी वाटते. जास्त भीती चांगल्या वेल्डिंगची वाटते. टाका तुटला तर सायकल पुन्हा साधी होते, पाय मोकळे फिरतात. टाका टिकला तर मागे रेटल्याचा सगळा जोर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर जातो. तिथं मेसेजची दुसरी ओळ येते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिचंच आहे.

‘आटे तेच असतात’ हे अर्धं खरं आहे. फ्रीव्हीलचा हब आणि फिक्सीचा ट्रॅक हब, दोन्हींवर गिअरसाठी 1.37 इंच व्यासाचे, इंचाला 24 असे सुलटे आटे असतात. म्हणून गिअर जुन्या हबवर छान चढतो आणि पोरांना वाटतं, बसलं. उजव्या बाजूनं बघितलं तर पुढे जाताना चेन गिअरला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ओढते, म्हणजे तो आणखी घट्ट होत जातो. साध्या सायकलीत जोर एवढाच असतो. फिक्सी थांबवताना मात्र आपण पायडल मागे दाबतो आणि जोर उलटतो. तोच आटा आता सुटायला लागतो.

ट्रॅक हबवर याचा बंदोबस्त केलेला असतो. गिअरच्या आट्यांपुढे एक लहान पायरी असते, 1.29 इंचांची, आणि तिच्यावर उलटे आटे. त्यावर लॉकरिंग बसते. गिअर सुटायला लागला की तो लॉकरिंगला आपल्याबरोबर ढकलतो, आणि उलट्या आट्यांमुळे ती त्याच दिशेनं आवळत जाते. सुटणारा भागच कुलूप घट्ट करतो. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना सायकलीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. जुन्या हबला ती पायरीच नाही. बीबीची, म्हणजे पायडलच्या आसाच्या बेअरिंगची, रिंग वर आवळून काम भागवणारेही आहेत, पण तिचे आटे सुलटेच. ती गिअरबरोबर गुपचूप सुटते.

जोर किती, तेही बघू. 60 किलोचा माणूस साडेसोळा सेंटिमीटरच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पूर्ण वजनानं मागे दाबतो. क्रँकवर साधारण 97 न्यूटन-मीटर येतात. 48 आणि 16 दात्यांमुळे त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 32 च्या आसपास, हबच्या आट्यांवर पडतो. पुढे 44 आणि मागे 18 असतील तर 40. हे सावकाश दाबल्यावरचं. समोर म्हैस आडवी आली आणि दचकून दाबलं, तर हिशेब याच्या पुढे जातो. पान्यानं हातानं आवळलेला गिअर एवढ्याला दाद देत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक कॉलेजचा पोरगा चाक खांद्याला लावून आला. टेंबलाईच्या उतारावर पाय मागे दाबला तेव्हा खडकन आवाज आला आणि पायडल रिकामं फिरलं. ‘दादा, काल सांजच्यापर्यंत झकास चालत हुती,’ म्हणाला. ढोपर सोललेलं होतं, बाकी वाचला. गिअर मी नुसत्या बोटांनी फिरवून काढला. हब अ‍ॅल्युमिनियमचा. आट्यांचे कंगोरे पार झोपलेले, आणि गिअरच्या आतून कातरलेल्या सुपारीसारख्या बारीक चकचकीत साली हातावर पडल्या. त्या हबवर आता फ्रीव्हीलही बसणार नाही. म्हणजे पाचशे वाचवताना चाक गेलं.

मग करायचं काय? ट्रॅक हबचं मागचं चाक घ्या. ट्रॅक हबचं माप सहसा 120 मिलिमीटर असतं, म्हणून आधी आपल्या चौकटीच्या दोन कानांमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं, अंतर कॅलिपरनं मोजा. लोखंडी चौकट चार-पाच मिलिमीटर जपून फाकवता येते, अ‍ॅल्युमिनियमची फाकवू नका. गिअर बसवताना आट्यांना ग्रीस लावा, चेनव्हिपनं (चेनचा तुकडा जोडलेल्या दांड्यानं) जोर लावून आवळा, वर लॉकरिंग हुकच्या पान्यानं. मग एखादा चढ उभं राहून चढा. चढावर गिअर आणखी थोडा बसतो, तेवढी लॉकरिंग मागे ढिली राहते. घरी येऊन ती पुन्हा आवळा. ही दुसरी आवळणी विसरल्यामुळे चांगले हब खराब झालेले मी पाहिलेत.

उद्यमनगर जवळ आहे म्हणून आणखी एक वाट सांगतो. डिस्क ब्रेकच्या हबवर सहा बोल्टांची चकती बसते, 44 मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा एम-5 बोल्ट. त्याच भोकांवर बसणारे गिअर मिळतात. चाक उलटं फिरवून चकतीची बाजू उजवीकडे आणली की गिअर बोल्टांनी पक्का, आट्यांचा प्रश्नच मिटला. फक्त असे मागचे हब सहसा 135 मिलिमीटरचे असतात, ते जुन्या काळ्या सायकलीत मावत नाहीत. आणि चौकटीचे कान खाली उघडणारे असतील तर चेन ताणायला चाक मागे ओढता येत नाही. चेन ताणणारा स्प्रिंगचा टेन्शनर फिक्सीला लावायचाच नाही, कारण मागे दाबल्यावर ताण खालच्या चेनवर येतो आणि टेन्शनर वाकतो. इथं काळ्या सायकलीचं कौतुक केलं पाहिजे. तिचे कान मागे उघडतात, चाक हवं तेवढं ओढून चेन ताणता येते. मेसेज लिहिणाऱ्यानं सायकल बरोबर निवडली होती.

आता ‘48 आणि 16, बरोब्बर तिप्पट’. ऐकायला छान वाटतं, पण तोट्याचं कारण त्या बरोब्बरमध्येच आहे. फिक्सीवाले मागचं चाक घसरवून थांबतात आणि घसरवताना प्रत्येकाचा क्रँक ठरावीक जागीच असतो, उजवा पाय पुढे किंवा डावा. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे पूर्ण तीन फेरे. मग दर वेळी टायरची तीच जागा रस्त्यावर येते. अपूर्णांक सोपा करा : 48 भागिले 16 म्हणजे 3 भागिले 1. खाली 1 उरला, म्हणजे घासायची जागा एक. मागे 17 दाते लावा, 48 भागिले 17 सोपा होत नाही, म्हणून जागा 17. एका दात्याचा फरक, आणि टायर कितीतरी पट टिकतं. मी 48-16 चं एक टायर पाहिलंय : सगळीकडे नक्षी नव्यासारखी, आणि एका जागी बोटभर लांबीत आतला धागा वर आलेला. मागे 18 ठेवून पुढे 44 असतील तर 22 भागिले 9, म्हणजे नऊ जागा. काळ्या सायकलीला हे जमण्यासारखं आहे, आणि चढालाही हलकं.

चेनबद्दल ‘कुठलीही चालते’ म्हणणाऱ्यानं सूत मोजलेलं नाही. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर सगळीकडे अर्धा इंच, म्हणजे चार सूत. फरक आतल्या रुंदीत आहे. साध्या सायकलीची चेन एक सुताची, गिअरवाल्या सायकलीची पाऊण सुताची किंवा त्याहून अरुंद. एक सुताची चेन पाऊण सुताच्या दात्यांवर चालते. पाऊण सुताची चेन एक सुताच्या दात्यांवर बसतच नाही. जबरदस्तीनं बसवली तर दात्यांच्या माथ्यावर चढून उतरते. साध्या सायकलीची चेन उतरली तर हात काळे होतात. फिक्सीची चेन उतरली तर चाक जाम होऊ शकतं, किंवा थांबवण्याचं साधनच जातं. म्हणून पुढचं चेनव्हील, मागचा गिअर आणि चेन, तिन्ही एक सुताचे घ्या.

जुनी चेन ठेवायची की नाही हे स्टीलच्या पट्टीनं ठरवा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, चोविसाव्या कडीची पिन नेमकी 12 इंचांवर आली पाहिजे. अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर दातेही झिजलेत, नवी चेन त्यांच्यावर उड्या मारेल. बसवल्यावर पायडल सावकाश फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठं होते ते शोधा. तिथं मधोमध बोटानं दाबून साधारण एक सेंटिमीटर खाली-वर झाली पाहिजे. जुनं चेनव्हील थोडं वाकडं असतंच, म्हणून ताठ जागेवरच मोजायचं. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला ठेवा.

टायरची ओळ दोन वाक्यांत निकालात निघते. काळ्या सायकलीचं 28 बाय दीड टायर रिमवर 635 मिलिमीटरला बसतं आणि 700 सी नावानं मिळणारं, ज्याच्यावरही कधी 28 छापलेलं असतं, ते 622 ला. नाव बघू नका, टायरच्या कडेला 40-635 असा आकडा असतो तो बघा.

हा 13 मिलिमीटरचा फरक मला शेवटच्या ओळीशी जोडायचाय. काळ्या सायकलीचा सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं, रबर दाबतो. पोरं झकपक दिसावं म्हणून पुढे 700 सी चं चाक घालतात. त्या रिमला आतून रबर टेकायला तशी जागा नसते आणि ती साडेसहा मिलिमीटर आतही गेलेली असते. ब्रेक लागत नाही, म्हणून काढून ठेवतात, आणि मग मेसेज सांगतो की तो नकोच होता.

तो हवाच. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक घसरतं, पकडत नाही. मागचं चाक कितीही जोरात अडवलं तरी पुढच्या चांगल्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. पावसात गंगावेशीच्या कोपऱ्यावर ते अंतर मिळत नाही. पन्हाळ्याचा उतार घ्या. 700 सी च्या चाकाला 48-16 वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 6.3 मीटर जाते. वाघबिळाकडे उतरताना वेग 45 ला पोचला की पाय मिनिटाला 119 वेळा फिरतात, आणि सायकलला ते थांबवायचे नसतात. अशा वेळी पाय पायडलवरून सुटला तर फिरतं पायडल पोटरी फोडतं. पट्टे नसलेल्या पायडलवर मागे दाबणं हा तर प्रकारच नको.

‘शर्यतीच्या ट्रॅक सायकलींना ब्रेक नसतो’ असं उत्तर येतं, ते खरं आहे. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक आहे. तिथं सगळे एकाच दिशेनं जातात, कुणाकडेच ब्रेक नसतो, आणि मध्येच रिक्षा वळत नाही. त्याच सायकली रस्त्यावर आणायच्या तर काय, याचं उत्तर ब्रिटननं 1983 च्या नियमांत दिलंय : फिक्स गिअर हा मागचा ब्रेक मानला जातो, पण पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक लागतोच.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगायला हवं. काळ्या सायकलीचे क्रँक कॉटर पिनवर, म्हणजे आसात आडव्या ठोकलेल्या पाचरीवर, असतात. साध्या सायकलीत पिनवर जोर एकाच बाजूनं येतो, फिक्सीत प्रत्येक थांब्याला उलटतो, आणि जुनी पिन आतल्या आत हलायला लागते. पाय मागे दाबताच बुडाशी कट् असा आवाज आला तर तो पिनचा आहे. दोन्ही पिना नव्या घ्या, एकमेकींच्या उलट दिशेनं घाला, हातोडीनं ठोकण्याआधी क्रँकखाली लोखंडी ठोकळ्याचा आधार द्या, आणि पन्नास-साठ किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळा.

आणि पुढचं चाक जुनंच राहू द्या. सळईच्या ब्रेकची चारही रबरं बदला, सळईचे खिळखिळे झालेले जोड आवळा, रिमची आउट (वाकडेपणा) काढा म्हणजे रबर सगळीकडे सारखं टेकेल. लोखंडी रिम पावसात घसरडी होते, तेव्हा वळणाच्या बरंच आधी एकदा हलकं दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्या, मग खरा ब्रेक मारा.